दाराचा आवाज

कंपनीने गाडीत बसवून दिलेला टेप सरासरी माणसासाठी केलेला असतो. हा सरासरी माणूस आजवर कुणाला भेटलेला नाही, पण मोटारींच्या कारखान्यांत त्याची बडदास्त मोठी. त्याला ठोका जरा उठावाचा लागतो, तंबोरा ऐकू आला नाही तरी चालतं, आणि दाराच्या आत स्पीकरचा कागद किती पातळ आहे हे तो कधी उघडून बघत नाही. त्याच्यासाठी जे ठरतं ते आपल्या सगळ्यांच्या डॅशबोर्डात येऊन बसतं. आम्ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यातली माणसं मात्र बहुतेक सरासऱ्यांच्या थोडी बाहेरच पडतो. कॅसेटी जाऊन एक पिढी झाली तरी या यंत्राला आम्ही टेपच म्हणतो, आणि त्यावर काय लावायचं हा प्रश्न आमच्याकडे एका भाषेत सुटत नाही.

लहानपणी आमच्या घरी सकाळी आकाशवाणीचं सांगली केंद्र लागायचं. ते १९६३ सालचं. भिंतीपलीकडच्या घरात धारवाड लागायचं, ते त्याहून जुनं, १९५० सालचं. मध्यम लहरींवर सांगली १२५१ किलोहर्ट्झला आणि धारवाड ७६५ ला. काटा फिरवला की अभंगातून वचनात जाता येई, आणि न फिरवताही जाता येई, कारण मधली भिंत एका विटेची होती. आईला कन्नड वाचता येत नव्हतं, पण बसवण्णांच्या वचनांच्या चाली तिला पाठ होत्या. शेजारच्या अक्का तुकोबांचे अभंग गुणगुणत भाकरी थापायच्या. शब्द कुठे कुठे त्यांचेच असायचे, चाल मात्र पक्की. यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

विशेष आहे हे पुढे कळलं. कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म, घरची भाषा कन्नड. त्यांनी पुढे तुकोबांवर स्वतंत्र कार्यक्रम बांधला. भीमसेन जोशी गदगकडचे, त्यांचंही घर कन्नड. त्यांच्या संतवाणीला मराठी माणसं तुडुंब गर्दी करत, आणि कन्नड माणसं त्यांच्याच गळ्यातली दासपदं ऐकत. एकाच गायकाचं गाणं दोन्ही बाजूंच्या देवघरांत लागतं, आणि दोन्ही घरांना तो आपलाच वाटतो. भीमसेनांना मोटारींचं वेड होतं, मैफलींना स्वतः गाडी हाकत जायची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. पुण्याहून हुबळी-कुंदगोळला जायचा रस्ता आमच्या दारावरूनच जातो. आधी तो एन. एच. ४ होता, आता ४८ झाला. त्या रस्त्यावर गाडी घातली की त्यांचं गाणं लावावं असं मला वाटतं, त्याला कारण एवढंच.

गाडीत मागाहून टेप बसवणं हा हौशी पोरांचा उद्योग आहे असं नव्या गाड्यांच्या मालकांना वाटतं. आपल्याकडे मुळात व्यवहार उलटाच होता. अँबॅसिडर, प्रीमिअर पद्मिनी, १९८३ च्या अखेरीस आलेली मारुती ८००, बहुतेक गाड्या डॅशबोर्डात रिकामी खाच घेऊन यायच्या आणि तिच्यावर प्लास्टिकचं झाकण असायचं. गाणं ही मालकाने स्वतः भरायची जागा होती. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांनी १९३० सालीच मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला नाव दिलं. आपल्याकडे त्यानंतर कितीतरी दशकं रेडिओ ऐकायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. पुढे जर्मनांनी खाचेचं माप ठरवून टाकलं, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. दुप्पट उंचीची ती डबल डिन. या एका मापामुळे जपानी टेप कुठल्याही देशाच्या गाडीत बसू लागला. चोरीच्या भीतीने टेपचं तोंड काढून खिशात घालून फिरायची पद्धतही त्याच काळातली. लग्नात माणसं जेवायला बसली की पानाच्या शेजारी टेपची तोंडं ठेवलेली दिसायची.

आमची खरी श्रवणशाळा म्हणजे वडापची, माणसं भरून नेणारी जीप. मुरगूड रस्त्याची वडाप असली की प्रल्हाद शिंदे. चिकोडी रस्त्याची असली की राजकुमारांची कन्नड गाणी, नाहीतर सी. अश्वथ यांनी गायिलेली शिशुनाळ शरीफांची पदं. ड्रायव्हर बहुधा तोच, कॅसेटींचा डबाही तोच, फक्त फाटा बदलला की बाजू बदलायची. मागच्या बाकाच्या पाठीशी दोन मोठे स्पीकर, त्यांना टेकून बसलेल्या माणसाच्या बरगड्यांत ढोलकी वाजायची. ज्यांची ऐपत होती त्यांच्या टेपवर डॉल्बीचं बटण असे; ते दाबलं की फितीची सळसळ खाली बसायची आणि गाणं जरा पुढे सरकायचं. पुढे कंपन्या स्वतःच टेप बसवून द्यायला लागल्या, तेव्हा त्यांनी खाचच बुजवली. टेपचा आकार डॅशबोर्डाच्या वळणात मिसळून गेला. बदलायचा म्हटला की आता आधी त्या वळणाची चौकट मिळवावी लागते.

माझा कंपनीचा टेप बिघडलेला नव्हता. अंगणात गाडी उभी करून लावला तर भीमसेन, त्यांच्यामागे पेटी, आणि सगळ्यांच्या खाली तंबोरा, सगळं जागच्या जागी असे. गाडी रस्त्याला लागून वेग ऐंशीवर गेला की तंबोरा जायचा. कोगनोळीचा नाका ओलांडून दूधगंगेच्या पुलाकडे जाईपर्यंत गळा तेवढा उरायचा, खाली आधार नसलेला. आवाज वाढवला तर गळा अंगावर येई आणि तंबोरा तरी येत नसेच. तवंदी घाटात चढाला इंजिन ओरडायला लागलं की पेटीही जायची.

यात गूढ काही नाही. काळी एकच्या गायकाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ च्या जवळ. टायर आणि रस्ता यांची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीत असते. खर्ज आणि डांबर एकाच सुरात बोलायला लागले तर डांबर जिंकतं. वरच्या तारांचा झंकार नाजूक, तो वाऱ्याच्या सूंसूंमध्ये विरतो. ज्या तंबोऱ्यासाठी मिरजेतल्या कारागिरांच्या पिढ्या गेल्या, ज्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो मिरजेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या माझ्या गाडीत ऐकू येत नव्हता. टेप बदलायचा हे त्यावरून ठरलं.

बेळगावात टिळकवाडीतल्या एका दुकानात गेलो. भिंतीवर पडद्यांच्या रांगा, प्रत्येकावर निळं-जांभळं काहीतरी हलत होतं. विकणाऱ्याने पहिल्यांदा खोकी दाखवली. खोक्यांवर मोठ्या आकड्यांत ५० गुणिले ४ वॅट. हा आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो. गाणं चालू असताना सतत मिळणारी ताकद चॅनेलमागे वीसेक वॅटच असते, खोकं कुणाचंही असो. मग बसवणारा मेस्त्री आला. वयाने तिशीचा, बोटांना काळी चिकटपट्टी लागलेली. त्याने खोक्याकडे पाहिलंच नाही. त्याने विचारलं, “काय ऐकतासा सर तुम्ही?”

मी क्षणभर गप्प राहिलो. या भागात माणसाला पुष्कळ प्रश्न विचारले जातात. मातृभाषा कुठली, शाळा कुठल्या माध्यमाची, अर्ज कुठल्या भाषेत लिहिलाय, गाडी के. ए. २२ ची की २३ ची की एम. एच. ०९ ची. तू काय ऐकतोस हे मात्र कुणी कधी विचारलेलं आठवत नव्हतं. मी म्हटलं, तंबोरा. तो हसला नाही. मोबाइल काढून म्हणाला, “लावा बघू.” गाडीत बसला, काचा वर केल्या, डोळे मिटले. मग खाली उतरून त्याने दारावर मुठीच्या हाडाने टकटक केली. टण्ण असा डब्याचा आवाज आला. “टेप बरा हाय सर. दार वाजायलंय.”

पुढचं मी उभा राहून पाहिलं. त्याने डॅशबोर्डाच्या कडा प्लास्टिकच्या पट्टीने उचकटल्या, टेप पुढे ओढला आणि मागचा कपलर सोडवला. वायरींच्या रंगांची एक बाराखडी असते आणि ती बहुतेक यंत्रांना सारखीच लागू पडते. पिवळी कायम बॅटरीची, लाल किल्लीची, काळी जमिनीची. पुढचा डावा स्पीकर पांढऱ्यावर, उजवा राखाडीवर, मागचे दोन हिरव्या-जांभळ्यावर. कंपनीची वायर त्याने एकही कापली नाही. तयार जोडणी मध्ये घातली. कापली की वॉरंटी जाते आणि पुढचा मेस्त्री शिव्या देतो, असं त्याचं म्हणणं. हाताखालचा पोरगा कन्नड, त्याला तो कन्नडमध्ये सांगत होता, मला मराठीत, आणि मोजमापाचे शब्द दोघांतही इंग्रजी. मध्येच शेजारच्या गाडीत कुणीतरी सबवूफर तपासायला लावला तेव्हा तो नुसता ओरडला, “स्वल्प कम्मी माडो!” आणि सगळ्या दुकानाने ऐकलं.

दाराचं आतलं पान काढल्यावर कळलं की मोटारीचं दार म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मध्ये पोकळी. आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं, त्यांवर पाणी अडवायला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. स्पीकर हलतो तेव्हा पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो. मागची हवा त्या भोकांतून फिरून पुढे आली की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. खर्ज रस्त्यावर पोचायच्या आधीच दारात अर्धा मरत होता. त्यातून पत्रा स्वतः थरथरतो, म्हणजे गाण्यात नसलेला एक स्वर दार आपल्या पदरचा घालतं. यावर उपाय वॅट वाढवणं नव्हे. पत्र्याला ब्यूटाइल रबराची, वरून अॅल्युमिनियमचा वर्ख असलेली चादर चिकटवायची, लाकडी रूळ फिरवून तिच्याखालची हवा काढायची, भोकं बुजवायची, आणि दाराच्या तळाची पाणी जायची छिद्रं तेवढी आठवणीने उघडी ठेवायची. आमच्या पावसात ती बुजली तर दार आतून कुजतं. रूळ फिरवताना मेस्त्री मधूनमधून टकटक करून बघत होता. मिरजेचा कारागीर घोडीवर दोरा मागेपुढे सरकवत जवारी काढतो तेव्हा त्याचाही कान असाच हाताच्या पुढे असतो. टण्णचं टक्क झालं, टक्कचं ठप्प झालं, तेव्हा तो थांबला.

नव्या स्पीकरचं चुंबक जाड, ते काच खाली आल्यावर तिला लागत होतं. मधे बसवायला कडं हवं होतं. दुकानात प्लायवूडची मिळतात, पण ती ओल धरतात. उद्यमबागेत लेथ चालवणाऱ्या एका मित्राला फोन केला. बेळगाव हे ओतकामाचं आणि लेथचं गाव. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपलं सायकलचं दुकान इथेच काढलं होतं, कारखाना पुढे कुंडलजवळच्या माळावर गेला. मित्राने जाड प्लास्टिकच्या पाटीतून दोन कडी फिरवून पाठवली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. पैसे विचारले तर म्हणाला, गाणं लागलं की एकदा घेऊन ये.

आवाजाचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो, आणि बहुतेक पैसे तिथेच वाया जातात. ताकद दुप्पट केली की आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, आणि त्यासाठी ताकद दहापट. वीस वॅटवरून दोनशेवर जायचं, बॅटरीपासून जाड वायर ओढायची, फ्यूज टाकायचा, आणि मिळायचं काय, तर दुप्पट. उलट रस्त्याची घरघर दारापाशीच तीन डेसिबलने कमी झाली, तर ताकद दुप्पट केल्याचंच फळ पदरात पडतं, वर कानही दुखत नाहीत. धावत्या लहान गाडीच्या आत सत्तर डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो. तंबोऱ्याला त्याच्यावर चढायला लावण्यापेक्षा त्याला खाली ओढणं सोपं. मेस्त्रीने हा हिशेब शिकलेला नव्हता, पण खर्च मात्र त्याने त्याच हिशेबाने करायला लावला. टेप मधल्या किमतीचा, स्पीकर बरे, आणि सगळ्यांत जास्त काम दारांवर. विकणारा थोडा नाराज झाला. दारात काय घातलंय ते कुणाला दिसत नाही.

शेवटी एक प्रश्न राहिला, त्याची मी अपेक्षा केली नव्हती. ध्वनी एका मिलिसेकंदात चौतीस सेंटिमीटर जातो. चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणजे उजव्या दाराचा स्पीकर त्याला जवळचा, डावा लांबचा. जवळच्याचा आवाज आधी पोचतो आणि गाणं उजव्या गुडघ्यात गोळा होतं. नवी यंत्रं उजव्या स्पीकरला एक-दीड मिलिसेकंद थांबायला लावतात. मग दोन्ही आवाज एकाच वेळी येतात आणि गायक डॅशबोर्डाच्या मध्यावर येऊन बसतो. फक्त चालवणाऱ्यापुरता. शेजारच्याला तोच गायक आणखी डावीकडे, काचेत कोंबलेला ऐकू येतो. मेस्त्रीने विचारलं, “सेटिंग ड्रायव्हरचं करू काय सगळ्यांचं?”

मी उत्तर द्यायच्या आधी बायको मागच्या बाकावरून म्हणाली, “अहो, गाडी तुम्ही चालवता. गाणं मी लावते.” सेटिंग सगळ्यांचं झालं. त्यात कुणालाच गायक नेमका मध्यावर मिळत नाही, पण कुणाच्या काचेतही कोंबला जात नाही. सीमाभागात राहून मला यापेक्षा शहाणी तडजोड फारशी पाहायला मिळालेली नाही.

परतीच्या वाटेवर काकतीपाशी आधी रेडिओ लावून पाहिला. के. एल. ई. चं वेणुध्वनी ९०.४ वर स्पष्ट होतं. सामुदायिक केंद्र ते, मोजक्या किलोमीटरांपुरतं, वंटमुरीचा घाट लागेपर्यंत गेलं. हत्तरगी, संकेश्वर मागे पडलं, हिरण्यकेशीचा पूल गेला, आणि निपाणीच्या अलीकडे कोल्हापूरचं १०२.७ खरखरत आलं. एफ. एम. ला डोंगर आडवा आलेला चालत नाही, घाटाच्या एका वळणावर येतं, दुसऱ्यावर जातं. मध्यम लहरी जमीन धरून चालायच्या, त्यांना तवंदी आड येत नसे. पण माझ्या नव्या टेपमध्ये त्या नाहीतच. सांगली-धारवाडच्या मधला तो लांबलचक पट्टा, जिथे काटा जरा हलला की दोन्ही ऐकू यायचं, तो गाडीतून गेला. मोबाइलवर आता दोन्ही मिळतं, हवं तेव्हा, हवं तेवढं. मागितलं तरच मिळतं. आईने बसवण्णांची वचनं कधी मागितली नव्हती.

मग भीमसेन लावले. ऐंशीच्या वेगाला तंबोरा होता. मोठा नव्हता, बाकीच्यांच्या खाली होता, जिथे असायला हवा तिथे. तवंदी घाटात इंजिन ओरडलं तेव्हाही तो टिकला. बायकोने आवाजाचा आकडा बघितला आणि पूर्वीपेक्षा बराच खाली आणून ठेवला. तेवढाही पुरत होता.

त्या दिवसापासून मी या तत्त्वाचा प्रचारक झालो. आमच्याकडे गोंगाटाला तोटा नाही. गणपतीत मोठ्या स्पीकरच्या, ज्यांना इथे डॉल्बी म्हणतात, त्या भिंती ट्रॅक्टरवर रचून निघतात आणि बेळगावातली विसर्जनाची मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. शिवजयंतीचे चित्ररथ निघतात. १ नोव्हेंबरला चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सवाचे डी. जे. लागतात आणि त्याच सकाळी मराठी माणसं काळ्या दिनाची फेरी काढून घोषणा देत असतात. १ नोव्हेंबरची ही ओढाताण १९५६ पासूनची आहे. एक बाजू आवाज वाढवते म्हणून दुसरी वाढवते, आणि प्रत्येकाला वाटतं आपली ताकद दुप्पट झाली. कानाला फरक तीन डेसिबलचा. मला वाटे, सगळ्यांनी आपापली दारं ठोकून बघावीत, आपला पत्रा किती वाजतोय ते पाहावं, अर्ध्या गोष्टी ऐकू यायला लागतील. मित्रांच्या बैठकीत मी हे मोठ्या समाधानाने मांडत असे, आणि मित्र मान डोलवत.

कंपनीचा जुना टेप आणि स्पीकर खोक्यात घालून घरी आणले होते. गावाकडचा पुतण्या आला, त्याने खोकं पाहिलं. तो उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो, दोन ट्रॉल्या लावून; कधी निपाणीच्या हालसिद्धनाथ साखर कारखान्याला, कधी संकेश्वरच्या हिरण्यकेशीला. ट्रॅक्टरची बॅटरीही बारा व्होल्टचीच, टेप सहज चालतो. या भागात मागाहून बसवलेल्या टेपचं खरं राज्य मोटारींत नाहीच, ते उसाच्या ट्रॅक्टरवर आहे. चाकाच्या मडगार्डावर प्लायवूडची पेटी, तिला रंगीत दिवे, आणि नांगरलेल्या रानापलीकडे ऐकू जाईल असा आवाज. रात्री दोन वाजता घराच्या मागच्या रस्त्यावरून गाणं येतं आणि जातं, माणूस झोपेत कूस बदलून त्याला दोन शब्द ऐकवतो.

“काका, ह्यो टाकून देणार काय?” त्याने विचारलं. मी दिला, आणि देताना माझं प्रवचनही दिलं. वॅटच्या मागे लागू नकोस, आधी गोंगाट कमी कर, मग थोडक्यात भागतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुमच्या गाडीला दारं हायत काका. मी काय ट्रॅक्टरला चादर चिकटवू?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या समोर उघडं इंजिन, डोक्यावर आभाळ, मागे टनावारी ऊस. कारखान्याच्या रांगेत रात्र रात्र काढायची, वजन झालं की लगेच मागे फिरायचं. डोळा लागला तर ट्रॉली पालथी. गाणं त्याला जागं ठेवतं. दुसरंही एक आहे. अंधारात मागून येणाऱ्या मोटारीला दिवा नसलेली ट्रॉली दिसत नाही, अशा ट्रॉल्यांवर आदळून दर हंगामात माणसं जातात. पण काच थोडी खाली असेल तर गाणं ऐकू येतं. ज्या आवाजाला मी झोपेत शिव्या देतो तो रस्त्यावर दिव्याचं काम करत असतो.

शांतता चांगली खरी, पण तिला आधी दार लागतं. ते ज्याला मिळालंय त्याला तिचे गुण चटकन कळतात आणि इतरांना सांगावेसेही वाटतात. चौकात घोषणा देणाऱ्यांकडे, डी. जे. पुढे नाचणाऱ्या पोरांकडे मी रबराची चादर घेऊन निघालो होतो. दोन राज्यांमधल्या सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. तिथे ज्यांचं म्हणणं आत पोचतं त्यांचे आवाज मुळातच हलके असतात. बाहेर उभा असलेला माणूस ओरडतो, तेव्हा त्याचा पत्रा वाजत असेलही. पण तो बंद गाडीत बसलेला आहे की उघड्या इंजिनामागे, हे पाहिल्याशिवाय त्याला आवाज कमी कर म्हणायचा हक्क मला पोचत नाही. माझ्या गाडीत तंबोरा ऐकू येतो तो माझ्या कानाच्या पुण्याईने नव्हे; चार दारं होती, ती भरायला पैसे होते, आणि उद्यमबागेत मित्र होता.

पुतण्याने टेप आठवड्याच्या आत बसवला. कंपनीच्या स्पीकरना त्याने हातही लावला नाही, पातळ कागदाचे म्हणून. टेपला सेकंडहँड अॅम्प्लिफायर जोडून दोन मोठे स्पीकर घेतले, बारा-बारा इंचांचे. मी त्याला ट्रॉलीच्या मागे लावायला लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणून दिल्या. त्या त्याने लावल्या, मुकाट्याने, दोन्ही ट्रॉल्यांना. आवाज मात्र तसाच ठेवला, आणि ठेवावा हेच बरं.